‘तो’, ‘तू’, ‘मी’ आणि ‘आम्ही’ : दारूमुक्तीच्या बैठकीचा इतिहास

१

मराठीत दारू पिणाऱ्या माणसासाठी शब्दांची वाण नाही. दारुडा, दारूबाज, बेवडा, पेताड, पिदाड, मद्यपी ही नामावळी सहज लांबवता येते. गडकऱ्यांच्या एका पात्राचे विशेषनामही सामान्यनाम होऊन तिच्यात जाऊन बसले आहे. या सगळ्या शब्दांचे एक समान लक्षण आहे. ते एकाने दुसऱ्याविषयी उच्चारायचे शब्द आहेत. त्यांतला एकही शब्द माणूस सरळपणे, थट्टा किंवा शिवी न करता, स्वतःला लावत नाही. याउलट, जो पीत होता आणि आता पीत नाही, त्याच्यासाठी भाषेकडे काय आहे? ‘माळकरी’ हा एक जुना, सुंदर शब्द आहे. ‘त्याने माळ घातली’ एवढ्या वाक्यातून दारू, मांसाहार आणि जुनी संगत सुटल्याचे गावाला कळते. परंतु तो धर्माचरणाचा शब्द आहे. ज्याने माळ घातली नाही, पण जो आज पीत नाही, तो भाषेत निनावीच राहतो.

हा निनावी माणूस आणि त्याची बैठक हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. महाराष्ट्रातील दारूचा इतिहास आपल्याकडे बहुधा दारूबंदीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यात कायदे येतात, अबकारी उत्पन्न येते, मोर्चे येतात. पिणाऱ्यांनी स्वतः एकत्र बसून पिणे थांबवण्याचा जो प्रयत्न केला, त्याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याचे एक कारण उघड आहे. ज्या संस्थेच्या नावातच ‘अनामिक’ हा शब्द आहे, ती आपल्यामागे नावांची यादी ठेवीत नाही. मग तिचा इतिहास लिहायचा कशाच्या आधारे? आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने आम्हांला हाताशी असलेले साधन वापरावेसे वाटते. ते साधन म्हणजे व्याकरणातील पुरुष. दारूविषयी मराठीत कोण, कोणाशी, कोणत्या पुरुषात आणि कोणत्या काळात बोलत आले, हे पाहिले तर या बैठकीचे ऐतिहासिक वेगळेपण स्पष्ट होईल असे आम्हांला वाटते. यवतमाळ जिल्ह्यात तर ते वेगळेपण निव्वळ व्याकरणाचे उरत नाही.

२

प्रथम ‘तो’. ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने केला. तो पाहायला नाटककार नव्हता. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी विदर्भातच, नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे निवर्तले होते. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हेही विदर्भातलेच, आणि त्यांच्या ‘मूकनायक’मध्येही मद्यपानाच्या दुष्परिणामांचा विषय आहे. म्हणजे मराठी रंगभूमीवरचा मद्यपी घडवण्यात वऱ्हाड-नागपूरचा हात मोठा आहे.

या नाटकातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे ‘आर्य मदिरा मंडळ’. सभा, मंडळे आणि सुधारणा यांची जी हवा त्या काळात होती, तिची नक्कल करत गडकऱ्यांनी पिणाऱ्यांची एक मंडळी रंगवली. पिणारे एकत्र बसतात ते पिण्यासाठीच, या कल्पनेला मराठी प्रेक्षक शंभर वर्षे हसत आला आहे. पिणारे न पिण्यासाठी एकत्र बसतील, ही कल्पना गडकऱ्यांना सुचली नाही यात त्यांचा दोष नाही.

दुसरी गोष्ट सुधाकराची. नाटकाविषयी बोलताना आपण त्याची घसरण लक्षात ठेवतो आणि तो मध्यंतरी दारू सोडतो हे विसरतो. पश्चात्ताप झाल्यावर तो शपथ घेतो, काम शोधायला निघतो, आणि जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांच्या दारी त्याला अपमान पदरी घेऊन परतावे लागते. पुन्हा प्याला हाती येतो. यापुढे मूल जाते, सिंधू जाते आणि शेवटी सुधाकर विष घेतो. गडकऱ्यांचे निदान अचूक होते : दारू सोडणे एक वेळ जमते, सोडून राहणे एकट्याला जमत नाही. सुधाकराला पत्नी होती, रामलालसारखा मित्र होता. पण त्याच वाटेने गेलेला आणि परत आलेला असा एकही माणूस त्याला भेटत नाही. सबंध नाटकात तसे पात्रच नाही.

हे नाटक यवतमाळसारख्या ठिकाणी वर्गात शिकवताना एक अनुभव वारंवार येतो. तळीरामाच्या प्रवेशांना वर्ग हसतो; पण सगळा वर्ग हसत नाही. दोन-तीन बाकांवर मुले-मुली पुस्तकात मान घालून असतात. ज्याच्या घरी ‘तो’ म्हणजे बाप आहे, त्याला तृतीयपुरुषी विनोदाचे अंतर परवडत नाही. पुढे दलित आत्मकथनांनी हे अंतर काही प्रमाणात कमी केले. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये पिणारा बाप आहे आणि त्याच्याविषयी राग व माया दोन्ही आहे. पण तेथेही बाप ‘तो’च आहे, बोलणारा ‘मी’ मुलाचा आहे.

३

आता ‘तू’. दारूविरुद्धचा उपदेश मराठीत फार समर्थपणे झाला. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढवण्यास लेखी विरोध केला. तो कारभार पाहणाऱ्यांना उद्देशून होता. पिणाऱ्याला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याचे काम कीर्तनाने केले, आणि त्यात गाडगेबाबांची (१८७६–१९५६) बरोबरी करणारा कोणी नाही. त्यांचे वडील दारूच्या व्यसनात गेले होते. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचे जेवण द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले तेव्हा भाऊबंदांचा रोष पत्करला. त्यांचे कीर्तन सवाल-जबाबाचे होते : वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचा, समोरच्या हजारोंकडून उत्तर वदवून घ्यायचे, त्या उत्तरातच त्यांना अडकवायचे. त्यांच्यानंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या भजनांतून आणि सामुदायिक प्रार्थनेतून हेच कार्य विदर्भाच्या गावोगावी नेले. यवतमाळ जिल्ह्यातील कितीतरी गावांत संध्याकाळी एका जागी बसण्याची जी सवय आहे, ती गुरुदेव सेवा मंडळाची देणगी आहे.

या उपदेशाचे उत्तर म्हणून जे येते ते शपथेच्या रूपाने येते, आणि शपथ प्रथमपुरुषी असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच. महानुभावांचा उपदेश घेणे, वारकऱ्याने माळ घालणे, गुरुदेव सेवक होणे या सर्वांत ‘मी’ आहे. या परंपरेने किती घरे सावरली याची गणती नाही, आणि तिला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु शपथेचा काळ भविष्यकाळ असतो. ‘यापुढे कधीही नाही’ असे ती म्हणते. म्हणून ती एकदा मोडली की संपूर्ण मोडते. माळ उतरवलेला माणूस गावात माळ न घातलेल्यापेक्षा खाली जातो. शपथ मोडणाऱ्याने परत यायचे कुठे, याची सोय शपथेत नसते. सुधाकराचा प्रश्न नेमका हाच होता.

४

या प्रश्नाचे उत्तर एका दूरच्या गावात, काहीसे योगायोगाने सापडले. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी होती. ती उठून दोन वर्षे होत नाहीत तोच, मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर-दलाल बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन येथे आला. काम फिसकटले होते. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बार होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातील चर्चची यादी होती. त्याने फोन लावले. दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याला भेटायचे आहे, एवढीच त्याची मागणी होती. कारण इतरांना सावरण्याच्या खटपटीत आपण स्वतः कोरडे राहतो, हे त्याच्या लक्षात आले होते. त्या फोनांतून तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचला. पंधरा मिनिटांच्या बोलीवर ठरलेली भेट काही तास चालली. १० जून १९३५ हा डॉ. स्मिथ यांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या संघटनेचा, म्हणजे ‘ए. ए.’चा, स्थापनादिन मानला जातो.

या घटनेतील एक बारकावा साहित्याच्या अभ्यासकाने टिपण्यासारखा आहे. विल्सनने त्या डॉक्टरला उपदेश केला नाही. त्याने स्वतःची गोष्ट सांगितली. डॉक्टरला वैद्यकीय माहिती विल्सनपेक्षा अधिक होती, नीतीचे पाठही त्याने पुष्कळ ऐकले होते. नवे होते ते एवढेच की समोरचा माणूस ‘तू’ म्हणत नव्हता, ‘मी’ म्हणत होता. १९३९ साली या मंडळींनी आपले पुस्तक छापले आणि त्यात बारा पायऱ्या मांडल्या. त्यांची सुरुवात ‘आम्ही’ या सर्वनामाने होते आणि त्यांचा काळ भूतकाळ आहे. आम्ही असे केले, असे त्या सांगतात. तू असे कर, असे सांगत नाहीत.

हा पहिलाच प्रयत्न होता असे नाही. १८४० साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची मंडळी काढली होती. तीही अनुभवकथनावर उभी होती आणि झपाट्याने देशभर पसरली. पण मद्यबंदीच्या राजकारणात, वक्त्यांच्या कीर्तीत आणि शपथांच्या आकड्यांत ती गुरफटली आणि काही वर्षांतच विरून गेली. ए. ए.ने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांत या चुकांना बांध घातलेला दिसतो. सदस्यत्वाची एकच अट : पिणे थांबवण्याची इच्छा. बाहेरच्या कोणाची देणगी नाही. वृत्तपत्रांत नाव नाही. आणि बाहेरच्या कोणत्याही वादावर मत नाही, दारूबंदीवरही नाही.

भारतात ए. ए.ची सुरुवात १९५७ साली मुंबईत झाली. हे साल आणि हे शहर लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबई राज्यात तेव्हा १९४९ च्या कायद्यान्वये कडक दारूबंदी होती. म्हणजे अमेरिकेत दारूबंदी उठल्यावर जी बैठक जन्मली, ती आपल्याकडे दारूबंदी चालू असताना आली. बंदी असो वा नसो, पिणे सुटत नाही असा माणूस उरतोच आणि त्याला बसायला जागा लागते, हे या दोन तारखा मिळून सांगतात. पुढे २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. अवचटांच्या ‘गर्द’वरील लेखांनी अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या या केंद्राने वैद्यकीय उपचार, निवास आणि समूहात बोलणे यांची सांगड घातली, आणि उपचार घेऊन बरे झालेल्यांनाच कार्यकर्ते केले. मराठी मध्यमवर्गाला ‘व्यसन हा आजार आहे’ हे वाक्य पटवण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

५

आता यवतमाळ. या जिल्ह्याच्या उत्तरेला वर्धा जिल्हा आहे. गांधीजींच्या वास्तव्यामुळे तेथे १९७४ पासून दारूबंदी आहे. पूर्वेला चंद्रपूर आहे. तेथे १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने ती उठली. त्याही पलीकडे गडचिरोली, डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आणि जिल्ह्यातील जनतेने चालवलेल्या आंदोलनानंतर तेथे २७ मार्च १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ उपक्रमात बंदीच्या जोडीने उपचाराचेही काम चालते. यवतमाळ मात्र ओलेच राहिले. २०१५ ते २०२१ या काळात वर्धा नदीच्या ज्या पुलावरून वणीहून पलीकडे जावे, त्या पुलावर दारूचा कायदा बदलत होता. याच सुमारास ‘स्वामिनी’ या नावाने जिल्हा दारूबंदीचे अभियान उभे राहिले आणि गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या. गावातील दुकान बंद करण्यासाठी महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘आडवी बाटली’वर शिक्का मारावा लागतो. ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ ही महाराष्ट्राच्या लोकशाहीने घडवलेली विलक्षण चित्रलिपी आहे.

या जिल्ह्यात ‘दारुडा’ या शब्दाला आणखी एक वजन आहे, आणि ते कागदावर मोजता येते. शेतकरी आत्महत्यांसाठी यवतमाळचे नाव देशभर घेतले जाते. आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य द्यायचे की नाही हे जिल्हास्तरीय समिती ठरवते, आणि प्रत्येक प्रकरणापुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा येतो. आत्महत्या कर्जबाजारीपणातून झाली नाही, असे ठरले की प्रकरण अपात्र. आणि कर्जाऐवजी जी कारणे लिहिली जातात त्यांत दारूचे व्यसन हे एक ठरलेले कारण आहे. बोंडअळी, नापिकी, सावकार आणि दारू एकाच घरात एकाच वेळी असू शकतात, हे शेऱ्याच्या रकान्यात मावत नाही. तो पीत होता, असे शेजाऱ्याने सांगावे, तलाठ्याने लिहावे, आणि बाईने सही करावी. ‘तो’ या सर्वनामाची किंमत अशी एक लाख रुपये होते.

म्हणूनच या जिल्ह्यात माणसाने स्वतःहून ‘मी’ म्हणणे कठीण आहे. कबुली दिली की ती वापरली जाणार, हा येथील अनुभव आहे. सोयरिकीत, सोसायटीच्या कर्जात, नोकरीच्या गोपनीय अहवालात आणि शेवटी मृत्यूनंतरच्या पंचनाम्यातही ती वापरली जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कधी काही उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेले ३७ का आले नाहीत याची कारणे अनेक असतील. आपले नाव कोणत्या कागदावर जाईल, ही भीती त्यांतले एक नक्कीच असणार.

बैठक सापडते कशी, हा प्रश्न त्यामुळे पत्त्याचा कमी आणि विश्वासाचा अधिक आहे. या गटांना पाटी मोठी नसते. एखाद्या शाळेची संध्याकाळी रिकामी होणारी खोली, चर्चचे किंवा समाजमंदिराचे दालन, भिंतीवर लावलेला एक मोबाईल क्रमांक, एवढेच. बहुतेकांना वाट दाखवतो तो डॉक्टर, बसस्थानकावरचा एखादा जुना मित्र, किंवा माहेरच्या गावी कोणाचा तरी नवरा सुधारल्याचे ऐकून आलेली बायको. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा निःशुल्क क्रमांकही आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येते. रुग्णालयाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी पिणे थांबवले तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरांचे असतात. बैठक त्यानंतरच्या वर्षांसाठी असते.

६

या गटांच्या काही सभा खुल्या असतात. न पिणाऱ्यालाही तेथे मागे बसून ऐकता येते. अशा एका खुल्या सभेला आम्ही बसलो आहोत. तेथे ऐकलेले तेथेच ठेवायचे असते, म्हणून कोणाचीही कहाणी आम्ही सांगणार नाही. सभेची रीत मात्र सांगता येते, आणि आमच्या मते इतिहास त्या रीतीतच आहे.

खुर्च्या, चहा, भिंतीवर बारा पायऱ्या व बारा परंपरा. फी नाही, शेवटी एक पेटी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावे. अध्यक्ष दर वेळी बदलतो. सुरुवातीला एक छोटी प्रार्थना, मग एकेकाचे ‘शेअरिंग’. या सभेची परिभाषा मराठीने जशीच्या तशी इंग्रजीतून घेतली आहे : मीटिंग, शेअरिंग, स्पॉन्सर, सोब्रायटी, स्लिप. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकेल. परंतु बोलणारा उभा राहतो, फक्त पहिले नाव सांगतो आणि ‘मी अल्कोहोलिक आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्या परक्या शब्दाची गरज कळते. ‘दारुडा’ या शब्दावर इतक्या जणांची थुंकी वाळलेली आहे की तो स्वतःच्या हाताने उचलता येत नाही. ‘अल्कोहोलिक’ कोरा आहे. ज्या माणसाला ‘तो’ म्हणूनच ओळखले गेले, त्याला ‘मी’ म्हणण्यासाठी एक न वापरलेला शब्द हवा होता.

बोलणारा बोलतो तेव्हा कोणी मध्ये बोलत नाही, झाल्यावर कोणी सल्ला देत नाही. कीर्तनाची सवय असलेल्या आपल्या कानांना हे चमत्कारिक वाटते. दासबोधात नवविधा भक्तीतील नववी भक्ती ‘आत्मनिवेदन’ सांगितली आहे. संतांच्या करुणेच्या अभंगांतही स्वतःला पतित म्हणणारा ‘मी’ आहे. पण ते निवेदन देवापुढे आहे. येथे ते बरोबरीच्या माणसांपुढे आहे, आणि ऐकणारा प्रत्येक जण पाच मिनिटांनी बोलणारा होणार आहे. न्यायाधीश आणि आरोपी असे दोन पक्ष या खोलीत नाहीत, कारण सगळे एकाच पिंजऱ्यात उभे आहेत.

काळाचेही तसेच. येथे जन्माची शपथ नाही. हिशेब आजच्या दिवसाचा. आणि मराठी भाषेने येथे एक गोष्ट अशी दिली आहे जी मूळ इंग्रजीत नाही. आपल्याकडे ‘दारू सोडली’ आणि ‘दारू सुटली’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात कर्ता माणूस आहे आणि त्याच्या मनगटाचा ताठा आहे. दुसऱ्यात तो ताठा नाही. काहीतरी गळून पडले आहे आणि ते आपण एकट्याने केलेले नाही, ही समज आहे. दारूपुढे आपले काही चालत नाही, हे मान्य करणे ही पहिली पायरी. म्हणजे ‘सोडली’कडून ‘सुटली’कडे जाणे. ज्याची ‘स्लिप’ होते, तो पुन्हा येतो आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतो. त्याची खुर्ची कोणी काढून घेतलेली नसते. सुधाकराला जे दार मिळाले नाही ते हेच.

मराठीचे दुसरे देणे म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. नवा माणूस दारात घोटाळत असतो तोवर आतले लोक ‘आम्ही’ असतात. तो बसला, आणि त्याने आपले नाव सांगितले, की त्याच सभेत ‘आपण’ सुरू होते. खुल्या सभेत मागच्या खुर्चीवर बसलेल्या आमच्यासारख्यांचा ‘आम्ही’ मात्र शेवटपर्यंत बाहेरच राहतो, आणि तसाच राहिला पाहिजे.

७

या इतिहासात ‘ती’ कुठे आहे? गडकऱ्यांच्या सिंधूने सोसले आणि प्रेक्षकांनी अश्रू ढाळले. यवतमाळच्या बायांनी सोसणे नाकारून मोर्चा काढला. या दोहोंच्या मध्ये तिसरी एक जागा आहे. १९५१ साली बिल विल्सनची पत्नी लोइस व तिच्या एका सहकारिणीने पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ची स्थापना केली, मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ हा गट चालतो. नवरा पितो यात आपला दोष नाही आणि त्याला सुधारणे आपल्या हाती नाही, एवढे बाईने मोठ्याने म्हणावे यासाठी ही जागा आहे. सिंधूला हे म्हणता आले असते तर नाटक तिसऱ्या अंकातच संपले असते. स्वतः पिणारी बाई मात्र आजही आपल्याकडच्या बैठकीत दिसणे विरळा. तिचा ‘मी’ अजून दाराबाहेर आहे.

या बैठकीच्या मर्यादा अमान्य करण्याचे कारण नाही. तिची ईश्वरविषयक भाषा सर्वांना मानवत नाही, जरी ईश्वर ज्याला जसा समजेल तसा, अशी मोकळीक तिने ठेवली आहे. पोडावरच्या कोलाम माणसाला, ज्याच्या संस्कृतीत मोहाच्या दारूला देवकार्यातही जागा आहे, तिची शहरी रीत परकी वाटू शकते. मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी दर आठवड्याला येणे हा खर्चही आहे. ती सर्वांना उपयोगी पडते असे नाही. मात्र तिला निव्वळ भाबडेपणा समजणाऱ्यांनी २०२० चा ‘कॉक्रेन’ आढावा पाहावा. २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांचा विचार करून, संपूर्ण न पिण्याच्या बाबतीत ए. ए. व तिच्याशी जोडणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा निष्कर्ष त्यात आहे.

दारूबंदी की दारूमुक्ती, असा वाद आपल्याकडे वारंवार घातला जातो. वरील इतिहास पाहता तो वाद आम्हांला चुकीचा वाटतो. बंदी हा समाजाने बाटलीशी केलेला व्यवहार आहे; बैठक हा पिणाऱ्याने स्वतःशी आणि आपल्यासारख्यांशी केलेला व्यवहार आहे. पहिल्याचे सर्वनाम ‘ते’ आहे, दुसऱ्याचे ‘आपण’. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. मोर्चा निघाला तर बातमी येते, बंदी उठली तर अग्रलेख येतात. एक माणूस आज प्यायला नाही याची नोंद कोणतेही दप्तर ठेवीत नाही. मराठी साहित्याने ‘तो’ आणि ‘तू’ यांचे काम उत्तम केले आहे, आणि त्या ‘तो’चा उपयोग पुढे कार्यालयांनीही करून घेतला. ‘मी’चे काम आठवड्यातून एकदा, एका रिकाम्या खोलीत, ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत अशी माणसे करीत आहेत. तळीरामाच्या प्रवेशाला न हसणाऱ्या बाकावरच्या मुलीला ती खोली कुठे आहे हे सांगता यावे, एवढी माहिती ‘एकच प्याला’ शिकवणाऱ्या प्रत्येकाजवळ असायला हरकत नाही.